दोन दगड

सरपंच विश्वासरावांनी शेजारच्या शेवंताक्काचं मेंदीचं कुंपण उपटलं आणि तिच्या परसात घुसून भिंत घातली. पंच आले, तेव्हा ऐटीत म्हणाले, "भिंतीआतलं सगळं पहिल्यापासून आमचंच."

आक्कानं भिंतीवरून आत बोट दाखवलं. बसून बसून गुळगुळीत झालेले दोन दगड तिथं समोरासमोर रुतलेले होते.

"विश्वास, तुझी आई रोज दुपारी कुठं बसायची?"

"त्या दगडावर. कुंपणाआडून तुमच्याशी बोलत. सारा गाव जाणतो."

"समोरचा दगडही तुझ्याच जागेत, तर सगुणा जन्मभर एकटीच बोलत होती का रे?"

विश्वासरावांनी मान खाली घातली. भिंत पाडली.

दुपारी आक्का आपल्या दगडावर बसली आणि समोरच्या रिकाम्या दगडाला म्हणाली, "सगुणे, तुझ्या लेकाला आज बोलले गं. रागावू नकोस."