बदकांच्या शिकारीचं काडतूस

सोनवळ्याच्या आबासाहेब सरकारांना बदकांच्या शिकारीचा भारी षोक, पण बदक कधी पडत नसे. दोष यायचा तो बंदूक भरून देणाऱ्या हैबती शेलाराच्या माथी. बारीक छरे दिले, तर सरकार म्हणत, "हे पिसांतच अडकतात." जाड दिले, तर म्हणत, "फार विरळ पडतात." बंदुकीच्या आवळ तोंडाच्या नळीतून छरे पसरत नसत, मोकळ्या नळीतून पोचत नसत. नेमकं द्यावं तरी काय, हैबतीला उमजेना.

एका सकाळी तळ्याकाठी सरकारांनी बजावलं, "आज बदक निसटलं, तर शिकारखान्यातून तुझी रवानगी."

हैबती बराच वेळ घुटमळला. अखेर त्याने एक काडतूस भरून दिलं. बार झाला आणि बदकं डोक्यावरून सावकाश निघून गेली.

"कसले छरे घातले होतेस रे?"

"छरे नव्हतेच, सरकार. नुसती दारू होती. बारीक झाले, जाड झाले, आज तर काहीच नव्हतं. बदकांना फरक पडला नाही. आता मी काय निवडावं, ते सरकारांनीच सांगावं."

सरकारांनी बंदूक खाली घेतली. मग हळूच म्हणाले, "तुझी नोकरी राहिली. पण हे कुणाला कळता कामा नये."

"माणसांना नाही कळणार, सरकार. बदकांचं मात्र माझ्या हातात नाही."