शेवटची पोळी

भांड्यांना तोंड होतं आणि सुना गप्प बसायच्या, तेव्हाची ही गोष्ट.

सगुणाबाईंच्या घरी शेवटची पोळी कुत्र्याची असे. त्यांचा टिप्या म्हातारा होऊन गेला, तरी हात ती पोळी लाटायचाच. मग त्या ती घेऊन दारात यायच्या, पायरीजवळची त्याची रिकामी थाळी बघायच्या आणि डोळे पुसत आत जायच्या.

थाळीला ते बघवेना. ती केरसुणीला म्हणाली, "अगं, मी दिसते म्हणून बाई रडतात. उद्या केराबरोबर मलाही उकिरड्यावर टाक."

"बघ हं, तिथून कोणी परत आणत नाही."

"चालेल."

दुसऱ्या दिवशी पायरीपाशी थाळी दिसेना, तशा सगुणाबाई पोळी हातात घेऊनच शोधायला निघाल्या. थाळी उकिरड्यावर सापडली, पण तिच्यात अंगाचं मुटकुळं करून एक मळकं पिल्लू झोपलं होतं.

"ऊठ मेल्या! ती टिप्याची आहे. आणि मी काही आता कुत्रं पाळायची नाही, सांगून ठेवते."

पिल्लानं एक डोळा उघडून पोळीकडे पाहिलं.

संध्याकाळी थाळी पायरीशी परत आली. केरसुणी हसली. "काय गं, बाईंचं रडं थांबवायला गेली होतीस ना? हेही एक दिवस म्हातारं होईल."

"होईल," थाळी म्हणाली. "जरा सरक. बाई पोळी घेऊन येताहेत."