घुमरीच्या घळीतली पायरास

एका राज्यात घुमरी नावाची नदी होती. राज्य मोठं, राजा भला, पण नदी दोघांहून जुनी. काळा कातळ कापत कापत तिनं अशी खोल घळ पाडली होती, की दुपारचं ऊन तळाला पोचेस्तोवर सांज व्हायची. घळीच्या कडेनं एक पायवाट जाई. खालच्या गावातून निघे, जुन्या लेण्यापाशी दम खाई, दुधाणी धबधब्याच्या मागून भिजत जाई आणि वर खिंडीत वाटाईच्या ठाण्याशी पोचे. वाटाई म्हणजे वाटेची देवी. तिला नारळ नको, चोळी नको. तिला एक धोंडा पुरे.

रीत अशी होती, की लेकरानं नदीतला एक धोंडा आणून खिंडीत स्वतःच्या पायांनी चालत जाऊन ठेवायचा. तो ठेवताना कुणी त्याचा हात धरायचा नाही. आईनं नाही, बापानं नाही. पुढं जन्मभर दर चढाईला पेलेल तो दगड तिथं ठेवायचा. आज्याच्या धोंड्यावर नातवाचा, असं होत होत खिंडीत मोठी रास झाली होती. तिला पायरास म्हणत. राज्याच्या पहिल्या राजाला प्रधानानं विचारलं होतं, "महाराज, खजिना कोणता राखावा?" राजानं रासेकडं बोट दाखवलं आणि तीच मंत्रून घेतली. जो रास उपसेल, त्याच्या घरचं पाऊल थांबेल.

आताच्या राणीचं नाव हेमकळा. घाटाची राखण करणाऱ्या घाटपांड्याची ती लेक. तिचं सगळं लहानपण त्या वाटेवर गेलं होतं. पुढं आबा, मागं ती, करवंदांनी जांभळी झालेली बोटं परकराला पुसत. आबा मागं न वळता म्हणायचे, "हेमे, पाऊल पुरं टेकव. चवड्यावर चालतो तो घसरतो." झाडीतून कस्तूर पक्षी शीळ घालायचा, आबा त्याला शिळेनं उत्तर द्यायचे, आणि त्या दोघांचं बोलणं संपेतो खिंड यायची. तशी वाट तिला पुन्हा कधी लागली नाही. राणी झाल्यावर पालखी लागली.

मग रेवा झाली, आणि हेमकळेच्या मनाला घोर लागला. पोर शिंकली की राजवैद्य. पोर बराच वेळ शिंकली नाही, की पुन्हा राजवैद्य. पाळण्याची दोरी हातात आणि डोळे दोरीच्या गाठीवर. पुढं रेवा पलंगाला धरून उभी राहू लागली. सगळा महाल हसला. राणी तेवढी खिडकीतून घळीकडं बघत राहिली. आज उभी राहिली, उद्या चालेल, परवा धावेल आणि तेरवा त्या कड्यावर असेल!

तिनं खिडकी लावून घेतली आणि पाथरवटांच्या नाइकाला बोलावलं. "घळीच्या वाटेला खालपासून वरपर्यंत कठडा बांधा."

"बाईसाहेब, एवढा दगड फोडायला वर्षं जातील."

"खिंडीत रास पडली आहे ना?"

नाईक चपापला. "पायरास, बाईसाहेब?"

"माझाही धोंडा आहे तिच्यात. माझ्या लेकीच्या कामी नाही यायचा, तर कुणाच्या?"

नाईक पगडी सारखी करत गेला. पावसाळ्याआधी कठडा उभा राहिला.

कठड्याचा शेवटचा दगड बसला आणि वाट पुसली. जो घळीत शिरे, तो कठड्याच्या कडेनं चालता चालता निघाला होता तिथंच येई. दुधाणी कोसळत होती, पण तिचा आवाज येईना. आणि महालात रेवा पलंग सोडून खाली बसली, ती उठलीच नाही. वैद्यांचे लेप झाले, दाईचं तेल झालं. पाय जागचे हलेनात.

तेव्हा लेण्यात राहणारा मांत्रिक दरबारात आला. त्यानं मुजरा केला नाही.

"रास कुणी उपसली?"

"मी," राणी म्हणाली.

"कशासाठी?"

"लेक पडू नये म्हणून."

"मग काम फत्ते झालं. जी उभीच राहणार नाही, ती पडेल कुठून?"

राजाचा हात तलवारीकडं गेला. राणीनं तो धरला आणि मांत्रिकाला म्हणाली, "उतारा सांगा, महाराज."

"तीन कामं. पुसलेली वाट शोधायची, कठड्याला हात न लावता. मुक्या दुधाणीला बोलती करायची. आणि कठड्यातला तुझा धोंडा काढून रास पुन्हा मांडायला घ्यायची. लेकीला घेऊन, अनवाणी. घळीत कारवी फुलली आहे. तिचं शेवटचं फूल गळायच्या आत झालं तर झालं. नाहीतर मुलीचे पाय दगडाचे होतील."

"मी पालखी देतो," राजा म्हणाला.

"पालखीला पाय असतात, राजा. पण ते भोयांचे."

राणीनं शिदोरी बांधली. दशम्या, गूळ, सुंठ, रेवाचं टोपडं. ते भिजलं तर दुसरं. दुसरंही भिजलं तर तिसरं. दाईनं गाठोडं उचलून पाहिलं. "बाईसाहेब, घाट चढायचाय का बाळंतविडा न्यायचाय?" राणीनं एक टोपडं काढून ठेवलं. दाराशी जाऊन परत आली आणि ते पुन्हा घातलं.

घळीत कारवीचा जांभळा रंग दोन्ही काठांनी उतरला होता. राणी चालली, फिरली आणि होती तिथंच आली. पुन्हा चालली, पुन्हा तिथंच. कठड्यावर निळाकाळा कस्तूर बसला होता.

"बये, काय शोधतेस?"

"वाट."

"डोळ्यांनी? ते तर तुझे सदा कड्याकडं!"

राणीला राग आला, कारण पक्षी खरं बोलत होता. तिनं डोळे मिटले. पाऊल पुरं टेकवलं. गवताखाली खडबडीत कातळ लागला, मग एके जागी तो गुळगुळीत झाला, पावलावर पाऊल पडून झिजलेल्या खोलगट ताटलीसारखा. तळव्याला ती जागा ओळखीची वाटली. तिथून पुढची लागली, पुढून त्यापुढची. हात कितीदा कठड्याकडं गेला आणि कितीदा मागं आला, ते रेवानं पाहिलं. राणीचं पाऊल जिथं पडे, तिथं मागं वाट उमटत जाई. डोळे उघडले तेव्हा समोर लेणं होतं, आणि आत मांत्रिकाचा दिवा आपणच पेटला होता.

लेण्यापुढं दुधाणी. पांढरीशुभ्र, उंच आणि मुकी. राणीनं आज्ञा केली. पाणी पडत राहिलं. राणीनं नवस बोलला. पाणी पडत राहिलं.

"झालं?" कस्तूर म्हणाला. "राणीसारखी बोललीस, भक्तिणीसारखी बोललीस. आता घाटपांड्याच्या पोरीसारखी बोल."

तेव्हा तिला आठवलं. धबधब्यामागून जाताना बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आबा शीळ घालायचे. तिचा अर्थ एवढाच, की मी इथं आहे. मागून तिनं शीळ घालायची, म्हणजे मीही आहे. लग्नानंतर तिनं शीळ घातली नव्हती. राण्या शीळ घालत नाहीत.

तिनं ओठ जुळवले. नुसतीच हवा निघाली. कडेवर रेवा खुदकन हसली; आईच्या तोंडातून असला फुसका आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. राणीलाही हसू आलं, आणि हसता हसता ओठांना जुनी जागा सापडली. बारीक, लांब शीळ पाण्यात शिरली. क्षणभर काहीच नाही. मग पाण्याआडून तशीच शीळ आली, थोडी जाडी, थोडी वयस्क. त्यापाठोपाठ सगळी दुधाणी एकदम गर्जली. आबांना जाऊन किती पावसाळे लोटले होते! राणीचे गाल भिजले. तुषार होते म्हणून ते कुणाला कळलं नाही.

खिंडीखाली जिथं कडा सगळ्यात सरळ तुटलेला, तिथं तिला तिचा धोंडा दिसला. मुठीएवढा, काळा, मधोमध पांढरी रेघ. कठड्याच्या बुडाशी पाथरवटांनी तो पाचरीसारखा ठोकला होता, आणि त्याच्यावर सगळा भार तोललेला.

"हा काढला तर कठडा राहायचा नाही," राणी म्हणाली.

"नाही राहायचा," कस्तूर म्हणाला.

"मग इथं काही उरणार नाही. एका बाजूला आम्ही आणि एका बाजूला कडा."

"आधीही तेवढंच होतं, बये. तू इथंच वाढलीस."

कारवीची फुलं वाऱ्यानं झडत होती. राणीनं रेवाला पाठीशी बांधलं आणि धोंडा ओढला. कठडा गडगडला. खालपासून वरपर्यंत कोसळला, पण एकही दगड घळीत गेला नाही. सगळे वाटेवर पडले.

वाटाईचं ठाणं उघडंबोडकं होतं. राणीनं धोंडा ठेवला, हात जोडले. रेवाचे पाय हलले नाहीत. पदरानं पुसून पुन्हा ठेवला. नाही. कपाळाला लावून तिसऱ्यांदा ठेवला. नाही. समोरच्या कारवीला एकच फूल उरलं होतं.

"तुझा धोंडा तू पूर्वीच ठेवलास," कस्तूर हळू बोलला. या खेपेला त्यानं टोमणा मारला नाही. "आता पाळी कुणाची?"

राणीनं रेवाला पाठीवरून सोडलं. ठाण्यापासून अंमळ दूर जमिनीवर उभं केलं, एका हातानं तोललं, आणि धोंडा तिच्या हाती दिला. पोरीनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. आता हात सोडायचा. रीतच तशी होती.

हात सुटेना. पोरीनं आईला धरलंच नव्हतं. आईनं पोरीला धरलं होतं.

तिला तिचा तो दिवस आठवला. हाच धोंडा, हीच खिंड, आणि पाठीशी आबा. ती मागं न बघता चालली होती. आबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता, ते तिला कधी कळलं नव्हतं. आता कळलं.

तिनं हात सोडला.

रेवा डुलली. राणीचे दोन्ही हात पुढं झाले आणि तिनंच ते मागं घेतले. हात रिकामे झाले तेव्हा ओठ आपोआप जुळले, आणि पोरीच्या पाठीशी बारीक शीळ निघाली. मी इथं आहे.

रेवानं पाऊल टाकलं. पुरं टेकवलं. दुसरं टाकलं, बदकन बसली, धोंडा न सोडता उठली, आणि वाटाईपुढं जाऊन तिनं तो ठेवला. मग मागं वळून आईकडं बघत ओठांचा चंबू केला. नुसतीच हवा निघाली. कारवीचं शेवटचं फूल गळलं, पण तोवर शाप फिटला होता.

दुसऱ्या दिवशी गावोगावची माणसं घळीत आली. वाटेवर पडलेल्या धोंड्यांतला आपला कुठला, आज्याचा कुठला, कुणालाच ओळखता येईना. मग ज्यानं त्यानं हाताला लागेल तो उचलला आणि खिंडीत नेला. राजानंही एक नेला, पालखीवाचून, धापा टाकत. पायरास पुन्हा उभी राहिली. मांत्रिक लेण्यात परतला, कस्तूर झाडीत.

रेवा पुढं पुष्कळदा पडली. गुडघे फुटले, राजवैद्य आला, औषध लावून गेला. राणीला घोर होता तसाच राहिला. पण घळीकडची खिडकी तिनं पुन्हा लावली नाही. संध्याकाळी दोघींच्या शिळा ऐकू येत, एक पुढून, एक मागून.

वाट सरली, खिंड लागली, कहाणी वाटाईपुढं ठेवली. पुढं जाईल त्यानं तिच्यावर आपला एक धोंडा ठेवावा.