ब्रेलचे कपाट

एकदा एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाने ब्रेल पुस्तकांचा विभाग काढला आणि उद्घाटनाला त्र्यंबकराव या वृद्ध लेखकांना बोलावले. देवीच्या आजारात लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. तरी त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, न्यायालयातही उभे राहिले. त्यांची शिष्या हेमांगी याच गावची. तीही दृष्टिहीन. हा विभाग व्हावा म्हणून दोन वर्षे तिनेच विश्वस्तांचा पिच्छा पुरवला होता.

समारंभ थाटात झाला. त्र्यंबकरावांनी किल्ली फिरवून काचेचे नवे कपाट उघडले. मग ग्रंथपाल मोकाशीबाईंनी सांगितले, की ही पुस्तके महाग असतात, बोटांच्या दाबाने त्यांतले उठावदार ठिपके दबून बसतात. म्हणून कपाट कुलूपबंद राहील, ज्यांना वाचायचे असेल त्यांनी आधी कळवावे. त्र्यंबकरावांनी शांतपणे ऐकून घेतले, किल्ली खिशात टाकली आणि ते मोटारीत जाऊन बसले.

हेमांगीला वाटले, वयामुळे विसरले असतील. तिने आठवण करून दिली, तर म्हणाले, "ठाऊक आहे मला."

विश्वस्त दुखावले तर विभागच बंद व्हायचा. ती म्हणाली, "सर, तुम्ही उद्या आपल्या गावी जाल. मला इथंच राहायचंय."

त्र्यंबकराव म्हणाले, "माझ्या शाळेत एकच ब्रेल पुस्तक होतं. मुख्याध्यापक ते कुलपात ठेवत. पाहुणे आले की बाहेर निघे. मी पहिलं पान घडाघडा वाचून दाखवी, पाहुणे डोळे पुसत, पुस्तक पुन्हा आत. शाळा सुटेपर्यंत मी तेच पान वाचलं. दुसऱ्या पानावर काय होतं, ते मला आजही माहीत नाही. पुस्तक वाचणाऱ्यासाठी जपावं, हेमांगी. वाचणाऱ्यापासून जपलं, तर ते देणाऱ्याच्या कौतुकापुरतं उरतं. विश्वस्त रागावले, तर खुशाल माझ्यावर ढकल. या वयात नाव दुसऱ्या कशाला वापरायचं?"

विश्वस्त रागावले खरे. पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला जाब कोण विचारणार? मोकाशीबाईंनी किल्लीसाठी फोन केला, तेव्हा त्र्यंबकराव 'पाठवतो' म्हणाले आणि पाठवली नाही. दुसरी किल्ली करून घेऊ, असे बैठकीत ठरले आणि तसेच राहिले. कपाट उघडेच होते. आधी हेमांगी येऊ लागली, मग निवृत्त झालेले एक टेलिफोन ऑपरेटर, मग आश्रमशाळेतल्या दोघी मुली. कधी कधी एकाच पुस्तकासाठी नंबर लागे.

वर्ष सरत आले, तेव्हा मोकाशीबाई काहीशा त्रासूनच हेमांगीला म्हणाल्या, "ती समुद्रप्रवासाची कादंबरी आता कोणालाच वाचता येत नाही म्हणे. वाचून वाचून ठिपके पार बसलेत. नवी प्रत मागवायला हवी."

दोन वर्षे आपण विश्वस्तांकडे नेमके काय मागत होतो, ते हेमांगीला त्या तक्रारीत ऐकू आले.