रिकाम्या वाफ्याला पाणी

फार पूर्वी एका राणीच्या बागेत वाटेच्या दोन्ही कडांना शेवंतीचे वाफे होते. एकेका माळ्याकडे एकेक वाफा. फुलांच्या उत्सवाला राणी स्वतः त्या वाटेने फिरे. ज्याचा वाफा फुलांवाचून दिसेल, त्याने आपलं खुरपं तिच्या पायाशी ठेवायचं आणि बाग सोडायची. रीत कडक होती, पण माळ्यांना तिचा अभिमानही होता.

एका वर्षी वाफ्यांत लव्हाळा शिरला. भलतं चिवट गवत! वरून उपटलं की मातीतली गाठ तशीच राहते आणि एकाच्या जागी चार कोंब येतात. बाकीचे माळी रोज सकाळी वरवर उपटून वाफे साजरे ठेवत. एका माळिणीला मात्र ते पटेना. तिने शेवंती काढून टाकली, वाफा हातभर खोल खणला, माती चाळून गाठी वेचल्या. मग त्या रिकाम्या मातीला ती रोज पाणी घालू लागली.

सगळी बाग हसली. शेजारच्या वाफ्याचा माळी म्हणाला, "वहिनी, गवताला पाणी घालताय?"

"हो भावजी. राहिलेल्या गाठींना कोंब फुटू देत. दिसल्या की काढता येतात."

उत्सव तोंडावर आला तरी गाठी निघतच होत्या. आदल्या दिवशी तोच शेजारचा माळी फुललेल्या कुंड्या घेऊन आला. मनाने चांगला होता बिचारा.

"या मांडून ठेवा. राणीसाहेब काय माती उकरून बघणार आहेत?"

माळिणीने हातातल्या खुरप्याकडे पाहिलं. ते तिच्या आईचं होतं. तरी तिने कुंड्या परत पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी राणी थबकली. "हा उघडा वाफा कोणाचा?"

"माझा, राणीसाहेब," माळीण ताठ मानेने म्हणाली. तिने गाठींनी भरलेली टोपली पुढे ठेवली आणि तिच्यावर खुरपं.

राणीने एक गाठ उचलून निरखून पाहिली. मग खुरपं माळिणीच्या हातात परत दिलं. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी माळिणीचा वाफा नुसता पिवळाधमक झाला होता. लव्हाळ्याची एक पात दिसेल तर शपथ. इतर वाफ्यांत शेवंती शोधावी लागत होती. शेजारच्या माळ्याचा वाफा मात्र साफ उघडा, खणलेला आणि पाण्याने ओला.

"आणि हा कोणाचा?" राणीने विचारलं.

"माझा, राणीसाहेब," शेजारी म्हणाला. हातात गाठींची टोपली होती आणि मान ताठ होती.

माळिणीला त्या क्षणी आपल्या फुलांपेक्षा त्या ओल्या मातीचाच जास्त अभिमान वाटला.

तात्पर्य एवढंच: आतली गाठ फुलांनी झाकून निघत नाही. ती काढताना वाफा उघडा पडला, तर मान खाली घालायचं कारण नाही.