हळू टाकलेला डाव

“म्हणजे माझ्या रक्तावर तुमचा भरवसा न्हाई?”

मानसिंगनं हे विचारलं आणि तालमीतल्या जोर-बैठका थांबल्या. दस्तगीर वस्तादांना असं तोंडावर विचारणारा आमच्यात तो एकटाच. त्या साली आमचा सगळ्यात तयारीचा मल्ल तोच होता, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

भांडणाचं कारण दारात उभं होतं. मानसिंगची बायको वैजयंता, कडेवर वर्षाच्या आतली पोरगी. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही हा आमच्याकडचा जुना रिवाज, म्हणून ती बाहेरच थांबली होती. डोळे रडून सुजलेले.

खालच्या गल्लीत गोवर निघाला होता. अंगणवाडीत सिस्टर लस घेऊन बसल्या होत्या आणि दुपारनंतर त्या पुढच्या गावाला जाणार होत्या. मानसिंग पोरीला सुई टोचू देईना. घरात कुणाचं ऐकेना, तेव्हा ती बिचारी थेट वस्तादांकडं आली.

मानसिंगचं म्हणणं असं की त्याच्या आज्यापासून घरात पैलवानकी. दुधा-तुपावर पोसलेलं रक्त. आजवर त्यानं आजारपणात पांघरूण घेऊन एक दिवस काढला नव्हता, मग त्याच्या पोरीला कसला रोग शिवतोय? ऐकायला झकास वाटत होतं. आमच्यातल्या दोघा-चौघांनी माना पण डोलावल्या.

“आणि सिस्टर सोत्ता म्हणाल्या, लशीत गोवरच असतोय, पार मरगळलेला. माझ्या हातानं माझ्या पोरीच्या अंगात रोग घालू? भावाच्या पोराला सुईनं ताप भरला, त्यो येगळाच.”

वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून मातीत ताक मिसळत होते. ते मिसळतच राहिले...

मग म्हणाले, “तालमीत पयल्यांदा लढलास, त्या रात्री काय झालं हुतं?”

मानसिंग जरा घुटमळला. “अंग फणफणलं हुतं.”

“आजारी हुतास?”

“आजारी कशानं? अंग नवं हुतं.”

वस्तादांनी नुसती मान हलवली. सदरा काढून खुंटीला लावला आणि हौद्यात उतरले.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. साठी ओलांडल्यापासून ते कुणाशी लढले नव्हते. त्यांच्या पाठीला माती लागलेली आमच्यात कुणी पाहिली नव्हती, आणि याचा सगळ्या तालमीला केवढा माज! दुसऱ्या तालमीच्या पोरांना आम्ही तेवढ्यावर गप्प करत होतो.

वस्तादांनी खुणावलं, तसा मानसिंगही हौद्यात उतरला आणि त्यानं सलामी दिली. वस्तादांनी एक जुना डाव टाकला, आता कुणी मारत नाही तसला. मनगट धरायचं, बगलेखालून शिरायचं आणि कंबर फिरवायची. मानसिंग पाठीवर. पण वस्तादांनी त्याला आपटलं नाही. बाळाला पाळण्यात ठेवावं तसं मातीवर ठेवलं.

मानसिंगचे कान लाल झाले. चितपट झाल्यापेक्षा इतकं हळू टाकलं, याचाच त्याला जास्त राग आला. मी काय बारकं पोरगं हाय का, जोर लावून लढा, असं तो म्हणाला.

वस्तादांनी पुन्हा तोच डाव टाकला. पुन्हा तितकाच हळू.

आणि पुन्हा... आणि पुन्हा...

दारात वैजयंता एकदा उन्हाकडं बघायची, एकदा अंगणवाडीच्या वाटेकडं. हौद्यात मात्र मानसिंगचा पाय आता आपोआप मागं जायला लागला होता. कंबर अडायला लागली होती. शेवटी डाव बसेचना.

वस्ताद बाजूला झाले आणि हात झटकले. मानसिंगला वाटलं संपलं. बायकोला चार शब्द सुनवायला त्यानं दाराकडं तोंड वळवलं.

तेवढ्यात म्हातारा त्याच्यावर झेपावला. तोच डाव, पण आता होता नव्हता तो सगळा जोर लावून.

मानसिंगनं बघितलंसुद्धा नव्हतं. त्याचा पाय मागं गेला, कंबर बसली, हात फिरला... आणि दस्तगीर वस्ताद पाठीवर मातीत.



मानसिंग गुडघ्यावर बसला आणि वस्तादांचे पाय धरले.

“माफी करा, वस्ताद. मी न्हाई केलं. मला कळायच्या आत अंगानंच केलं.”

वस्ताद पडल्या जागेवरून त्याच्याकडं बघत होते आणि हसत होते. चेले गदा जिंकून आले तेव्हाही इतका अभिमान मी त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. खोटं कशाला सांगू, आमचा माज मातीत गेला होता आणि तरी माझी छाती फुगली होती.

“पयल्याच खेपेला असा जोर लावला असता, तर?” त्यांनी विचारलं.

मानसिंगनं मानेवरून हात फिरवला.

“मान मोडली असती.”

वस्ताद उठले. पाठीची माती त्यांनी झटकली नाही. तसेच उंबऱ्यापर्यंत गेले आणि नव्या पैलवानाला लावतात तसं मातीचं बोट पोरीच्या कपाळाला टेकवलं. मग तिला वैजयंताच्या कडेवरून उचलून मानसिंगच्या हातात दिलं.

“मी हुतो, म्हणून तुला आदी हळू टाकलं,” ते म्हणाले. “गोवर हळू टाकत न्हाई.”