कोरे चौकोन

लहानपणी ऐकलेला एक आवाज अजून कानात आहे. जोशीबुवा आमच्याकडे पत्रिकेचे भेंडोळे उलगडत, तेव्हा लांबलचक कागद सर्र करत जमिनीवर पसरत जाई. तो संपेपर्यंत मी श्वास धरून बसे. परवा एक गोष्ट कानावर आली आणि तो आवाज आठवला.

एक वृद्ध गुरुजी गावात संगणक शिकवत. त्यांच्या एका शिष्येची आई नर्स होती. तीस वर्षे वाड्यावस्त्यांवर चालत जाऊन तिने बाळंतपणे केली. ती वारली तेव्हा लोकांनी एका वेबसाइटवर आठवणी लिहिल्या, तिच्या हातून जन्मलेल्या लेकरांचे फोटो लावले. ती वेबसाइट एके दिवशी संध्याकाळी पाच वाजता कायमची बंद होणार होती.

त्या दुपारी शिष्येने गुरुजींकडे येऊन ते पान उघडले आणि लगेच संपूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घेतला.

"झालं, गुरुजी. सगळं पान एका चित्रात आलं."

गुरुजींनी ते चित्र निरखले आणि पुसून टाकले.

"गुरुजी, साडेचार वाजलेत." ती म्हणाली. "ही काय थट्टेची वेळ आहे?"

"फोटो वरचे चारच आले होते, पोरी. खाली नुसते कोरे चौकोन. हे पान एकदम भरत नाही. आपण जिथवर जातो, तिथवरच ते भरत येतं. आधी शेवटपर्यंत जाऊन ये. सावकाश."

"आई गेल्यापासून मी हे वाचलेलं नाही. म्हणून तर एकदम घेत होते."

"मी बसतो शेजारी," गुरुजी म्हणाले.

ती खाली जाऊ लागली. प्रत्येक चौकोन क्षणभर कोरा राही, मग त्यात चेहरा उमटे. बोळके हसू, जुळ्या बहिणी, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. एकाने लिहिले होते, 'बाईंनी उलटं धरून धपाटा घातला तेव्हा कुठे मी रडलो. त्यानंतर गप्प बसलोच नाही, असं बायको म्हणते.' ती रडता रडता हसली.

पाचला पाच मिनिटे असताना तिने पुन्हा स्क्रीनशॉटचे बटण दाबले. गुरुजींनी ते चित्र पडद्यावर मावेल इतके लहान केले. दोऱ्याएवढी बारीक, वरपासून खालपर्यंत एक रेघ दिसू लागली. तीस वर्षांची पायवाट. दोघेही त्या रेघेकडे पाहत राहिले. तिच्यात आता एकही जागा कोरी नव्हती.

पाच वाजले. पान उघडेनासे झाले.

शिष्या उठली, गुरुजींच्या पायांना हात लावला आणि पायऱ्या उतरून गेली.